कोरोनाविषाणू व प्रतिविषाणू औषधे : पुण्यातील संशोधन

कोरोनाविषाणूंवरील भारतीय संशोधनाचा मोठा भाग पुण्यात झाला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) दोन संस्था त्यात अग्रभागी राहिल्या. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने (एनआयव्ही) विषाणू ओळखणे, वेगळा करणे, वाढवणे आणि लसीसाठी तपासणे ही कामे केली. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने (नारी) औषधांच्या जागतिक चाचणीचा भारतातील भाग सांभाळला. प्रयोगशाळेतील बशीत विषाणूला रोखणारे रसायन आणि आजारी माणसाला वाचवणारे औषध यांच्यामध्ये किती अंतर असते, हे या कामातून स्पष्ट झाले.

एनआयव्हीची स्थापना १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने ‘विषाणू संशोधन केंद्र’ म्हणून झाली. सुरुवातीचा भर डास आणि गोचिडांमार्फत पसरणाऱ्या आजारांवर होता. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा भागात माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला, तेव्हा क्यासनूर जंगल ज्वराचा विषाणू या केंद्राने शोधून काढला. १९७८ मध्ये केंद्राला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला. २०११ मध्ये गुजरातेतील क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ज्वराचे निदान येथेच झाले. पुढच्या वर्षी पाषाण येथे सर्वोच्च सुरक्षेची, म्हणजे जीवसुरक्षा स्तर चारची प्रयोगशाळा उभी राहिली. २०१८ मध्ये केरळात निपाह आला, तेव्हा नमुने पुण्यालाच आले. २०२० मध्ये या संस्थेला जे वेगाने करता आले, त्यामागे अनोळखी विषाणू हाताळण्याचा हा दीर्घ सराव होता.

कोरोनाविषाणू माणसाला नवे नव्हते. सर्दी घडवणारा असा विषाणू १९६५ मध्ये ब्रिटनमध्ये डेव्हिड टायरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवला. जून अल्मेडा यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्याभोवतीची काट्यांची झालर दाखवली आणि त्यावरूनच १९६८ मध्ये या कुळाचे नाव ठरले. हा विषय पुढे बराच काळ मागे पडला. २००२-०३ मधील सार्स आणि २०१२ मधील मर्स यांनी त्याकडे पुन्हा लक्ष वेधले, पण साथी ओसरताच औषधशोधाचा निधीही आटला. २०२० मध्ये एकही मान्यताप्राप्त औषध हाताशी नसण्याचे हे एक मोठे कारण होते.

भारतातील कोविड-१९चा पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळातील त्रिशूर येथे निश्चित झाला. वुहानहून परतलेल्या या विद्यार्थिनीच्या नमुन्याचे निदान एनआयव्हीत झाले. त्या आठवड्यांत देशभरातील संशयितांचे नमुने पुण्यात येत होते. तपासणीची पद्धत, नियंत्रण नमुने आणि अभिकर्मक इतर प्रयोगशाळांना पुरवणे, त्यांतील तंत्रज्ञ तयार करणे, हे कामही याच संस्थेकडे होते. बातम्यांत ते फारसे आले नाही; मात्र त्याच्याशिवाय जिल्ह्याजिल्ह्यांत चाचणी पोहोचली नसती. मार्चमध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या निदान संचाला मान्यता मिळाली. तो विषाणुतज्ज्ञ मिनल दाखवे-भोसले यांच्या चमूने सुमारे सहा आठवड्यांत तयार केला होता. संच मूल्यमापनासाठी सादर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना कन्यारत्न झाले.

विषाणूचा अभ्यास करायचा तर तो जिवंत पेशींत वाढवावा लागतो. एनआयव्हीने यासाठी आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार झालेल्या ‘व्हेरो’ पेशी वापरल्या. इटालियन पर्यटक आणि आग्र्यातील रुग्ण यांच्या घशा-नाकाच्या नमुन्यांतून मार्च २०२० मध्ये विषाणू वेगळा करण्यात यश आले. कमाल सुरक्षा प्रयोगशाळेच्या प्रमुख प्रज्ञा यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पहिल्या दोन विषाणूंचे संपूर्ण जनुकीय क्रमही प्रसिद्ध केले. याच सुमारास संस्थेचा वटवाघळांवरील अभ्यास प्रकाशित झाला. केरळ, तमिळनाडू, पुदुच्चेरी आणि हिमाचल प्रदेश येथील फलाहारी वटवाघळांत कोरोनाविषाणू आढळले : टेरोपस प्रजातीच्या ५०८ पैकी २१ आणि रूसेटस प्रजातीच्या ७८ पैकी ४ प्राण्यांच्या घशात. हे विषाणू कोविड घडवणारे नव्हते. तरीही त्या भीतीच्या दिवसांत बातमीचा विपर्यास होऊन वटवाघळांविषयी नाहक रोष निर्माण झाला.

वेगळ्या केलेल्या विषाणूंपैकी ‘एनआयव्ही-२०२०-७७०’ हा वाण हैदराबादच्या भारत बायोटेकला देण्यात आला. त्यापासून निष्क्रिय विषाणूची कोव्हॅक्सिन लस तयार झाली. लसीचे प्राण्यांवरील परीक्षण पुण्यात हॅमस्टर आणि ऱ्हीसस माकडांवर झाले. २० माकडांचे चार गट करून त्यांना दोन मात्रा देण्यात आल्या आणि नंतर जिवंत विषाणूचा संसर्ग घडवण्यात आला. लस मिळालेल्या माकडांना न्यूमोनिया झाला नाही आणि सातव्या दिवसापर्यंत विषाणू नाहीसा झाला. जानेवारी २०२१ मध्ये लसीला देशात आणीबाणीच्या वापरासाठी परवानगी मिळाली, तर नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत तिचा समावेश झाला. दरम्यान महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात, रुग्ण वाढू लागले होते. संस्थेच्या सारा चेरियन आदींनी राज्यातील विषाणूंच्या काटेरी प्रथिनात एकत्र आलेल्या उत्परिवर्तनांचे विश्लेषण केले. ही उत्परिवर्तने असलेल्या विषाणूवंशाच्या एका शाखेला मे २०२१ मध्ये ‘डेल्टा’ हे नाव मिळाले.

औषधांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. कोरोनाविषाणूचा आरएनए सुमारे ३०,००० अक्षरांचा, म्हणजे आरएनए विषाणूंत असाधारण लांबीचा असतो. एवढी लांब प्रत काढताना चुका साचून विषाणूचा नाश होऊ नये म्हणून त्याच्याजवळ मुद्रितशोधन करणारे विकर असते. त्यामुळे आरएनएच्या साखळीत खोटे अक्षर घुसवून ती तोडणारी जुनी औषधे येथे निष्प्रभ ठरतात. घुसवलेले अक्षर विषाणू काढून टाकतो. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे मार्क डेनिसन यांनी या मुद्रितशोधनाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि रेमडेसिविर हे प्रतिविषाणू औषध त्यातून निसटते, हे साथीपूर्वीच दाखवले. हे औषध साखळीत शिरल्यावर लगेच नव्हे, तर आणखी तीन अक्षरे जोडली गेल्यावर तिची वाढ थांबवते.

प्रयोगशाळा आणि रुग्ण यांच्यातील अंतराचे बोलके उदाहरण हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनचे आहे. मलेरियावरील हे औषध व्हेरो पेशींत विषाणूला अडवत होते आणि त्यावर मोठ्या आशा ठेवल्या गेल्या. मार्च २०२० मध्ये आयसीएमआरच्या कृतिदलाने आरोग्य कर्मचाऱ्यांना ते प्रतिबंधक म्हणून सुचवले. माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींत मात्र विषाणू वेगळ्या वाटेने शिरतो. तेथे पृष्ठभागावरील एक विकर काटेरी प्रथिन कापून देते आणि औषध ज्या आम्लयुक्त कप्प्यावर काम करते, त्याची विषाणूला गरजच उरत नाही. व्हेरो पेशींत ते विकर जवळजवळ नसते. विषाणू वाढवण्यासाठी सोयीच्या ठरलेल्या पेशी औषध पारखताना अशी दिशाभूल करू शकतात.

उत्तर अखेर रुग्णालयांतूनच येणार होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीचे भारतातील समन्वयन नारीच्या शीला गोडबोले यांनी केले. खाटा अपुऱ्या, डॉक्टर थकलेले, नातेवाईक दारात. अशा स्थितीत रुग्णाची लेखी संमती घेऊन, चिठ्ठी टाकल्यासारख्या यादृच्छिक पद्धतीने उपचार ठरवायचा, ही मोठ्या शिस्तीची गोष्ट होती. ऑक्टोबर २०२० मध्ये ३० देशांतील ११ हजारांहून अधिक रुग्णांचे निष्कर्ष आले. रेमडेसिविर मिळालेल्या २,७४३ पैकी ३०१ रुग्ण दगावले. न मिळालेल्या २,७०८ पैकी ३०३. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, लोपिनाविर आणि इंटरफेरॉन यांनीही मृत्यू कमी झाले नाहीत. त्याच महिन्यात आयसीएमआरच्या ‘प्लॅसिड’ चाचणीने ४६४ रुग्णांच्या आधारे बऱ्या झालेल्या रुग्णांचा रक्तद्रव (प्लाझ्मा) देण्याचा उपचारही गंभीर आजार वा मृत्यू टाळत नसल्याचे दाखवले. ‘उपयोग नाही’ हे ठामपणे सांगणारी चाचणी यशस्वी औषधाइतकीच मोलाची असते.

प्रतिविषाणू औषध रुग्णालयात निष्प्रभ ठरण्याचे कारण वेळेत आहे. विषाणूची वाढ पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असते. दम लागून रुग्ण दाखल होतो, तोवर नुकसान मुख्यतः शरीराच्या दाहामुळे होत असते. म्हणूनच जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ते विषाणूला हातही लावत नाही. उलट रेमडेसिविर दाखल न झालेल्या, पण धोका असलेल्या रुग्णांना आजाराच्या पहिल्या आठवड्यात तीन दिवस दिल्यास रुग्णालयात जाण्याची किंवा मृत्यूची शक्यता ८७ टक्क्यांनी कमी होते, असे डिसेंबर २०२१ मध्ये दिसून आले. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात या इंजेक्शनसाठी रात्र-रात्र रांगा लागल्या, काळाबाजार झाला, केंद्राने निर्यात थांबवली आणि वाटप जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले. सॉलिडॅरिटीचे आकडे तेव्हा सहा महिने जुने होते. ते रांगेतल्या माणसापर्यंत पोहोचले नाहीत, ही त्या काळाची सर्वांत वेदनादायी बाजू होय. 

तोंडावाटे घेण्याच्या औषधांपैकी फॅविपिराविर हे फ्लूवरील मूळचे जपानी औषध. मुंबईच्या ग्लेनमार्कने ते जून २०२० मध्ये भारतात आणले. पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅमच्या १८ गोळ्या घ्याव्या लागत. त्याचा वापर प्रचंड झाला, पुरावा मात्र क्षीण राहिला. डिसेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळालेले मोल्नुपिराविर मुद्रितशोधनाला चकवून विषाणूच्या आरएनएत चुका वाढवते. हाच गुणधर्म माणसाच्या जनुकांसाठी धोक्याचा ठरू शकतो, या कारणास्तव आयसीएमआरने ते राष्ट्रीय उपचारपद्धतीत घेतले नाही. निर्माट्रेल्विर विषाणूच्या मुख्य प्रथिनछेदक विकराला अडवते. सहायक औषध रिटोनाविरसह ते लवकर दिल्यास परिणाम ठळक दिसतो; भारतात हेटेरो कंपनीने त्याची जेनेरिक आवृत्ती काढली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये नव्या पुराव्यानंतर रेमडेसिविरविषयीचा पूर्वीचा नकार बदलून ठरावीक रुग्णांसाठी सशर्त शिफारस केली. भोसरीची संस्था १९९२ पासून एचआयव्हीवर काम करत होती. महासाथीनंतर तिचे कार्यक्षेत्र विस्तारले आणि विषाणुविज्ञान हा शब्द तिच्या नव्या नावात एड्सच्या जोडीला आला.