पार्सल मिळेल, बसायला मिळणार नाही : पुल्ड पोर्कचा इतिहास

घरी केलेल्या पुल्ड पोर्कचा फोटो टाकला, तर दोन तऱ्हेचे मेसेज आले. पहिला : "इतकं मऊ कसं झालं? आमचं तर चिवट होतं." दुसरा : "डुकराचं? तुम्ही खाता?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे, ते आधी देते. दुसऱ्याचं उत्तर लांब आहे आणि ते थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत जातं.

आधी कृती. मटण खांद्याचंच घ्यायचं. बोकडात ज्याला आपण फरा म्हणतो, तोच भाग. जनावर आयुष्यभर त्या खांद्यावर चालतं, म्हणून तो भाग चिवट, शिरांनी आणि चरबीने भरलेला. या शिरांमधलं कोलॅजेन मंद आचेवर हळूहळू विरघळतं आणि त्याचं जिलेटिन होतं. मांस आतून ९० ते ९५ अंशांपर्यंत गेलं आणि तिथे पुरेसा वेळ राहिलं की धागे सुटायला लागतात. ७० अंशांवर ते शिजलेलं असतं, खाता येतं, पण ओढून सुटत नाही. बहुतेकांचं चिवट होतं ते इथेच, कारण ते "शिजलं" म्हणून गॅस बंद करतात.

मी दीड किलो फऱ्याचे मोठे चार तुकडे करते. मीठ, गूळ, मिरपूड आणि लाल तिखट चोळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवते. दुसऱ्या दिवशी कुकरमध्ये दोन वाट्या पाणी घालून, पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर तासभर. वाफ आपोआप जाऊ द्यायची. काटा खुपसून फिरवला की मांस सुटलं पाहिजे. नाही सुटलं तर आणखी पंधरा मिनिटं. मग दोन काट्यांनी धागे ओढायचे, कुकरमधला रस आटवून त्यात परतायचे, वरून व्हिनेगर, लाल मिरचीची भरड आणि चिमूटभर साखर. धुराचा वास हवा असेल तर कोळशाचा धुंगार द्या. ओव्हन असेल तर १२० अंशांवर झाकून सहा-सात तास ठेवा, जास्त चांगलं होतं.

हे झालं पहिल्या मेसेजचं उत्तर. आता दुसरं.

हा पदार्थ अमेरिकेच्या दक्षिणेचा. कॅरोलिना, टेनेसी, अलाबामा, जॉर्जिया हा पट्टा. डुक्कर तिथलं नाही. ते स्पॅनिश लोकांनी आणलं. हेर्नान्दो दे सोतो १५३९ मध्ये फ्लोरिडात उतरला तेव्हा त्याच्या लवाजम्याबरोबर डुकरांचा कळपही होता. लाकडी चौकटीवर ठेवून मंद निखाऱ्यांवर मांस भाजायची रीत कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांची, 'बार्बेक्यू' हा शब्दही तिथूनच आलेला. आणि रात्रभर जागून ते मांस शिजवणारे हात बहुतेक वेळा आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे आणि त्यांच्या लेकराबाळांचे.

मळ्यावर मेजवानी असली की आदल्या संध्याकाळी लांब चर खणायचा. बाजूला लाकडं जाळून निखारे करायचे आणि फावड्याने थोडे थोडे मांसाखाली सरकवत राहायचे. आच वाढली की चरबी पेट घेणार, कमी झाली की मांस कच्चं राहणार. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. हाताच्या तळव्याला जाणवणारी धग, एवढंच माप. १९३० च्या दशकात अमेरिकन सरकारने गुलामगिरीतून सुटलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घेतल्या. त्यात साउथ कॅरोलिनाच्या वेस्ली जोन्स यांची आठवण आहे. मेजवानीच्या आदल्या रात्री ते रात्रभर जागून मांस भाजायचे आणि त्यावर व्हिनेगर, काळी मिरी, लाल मिरची, मीठ, लोणी, कांदा-लसूण असं पाणी शिंपडत राहायचे. आज बाटलीत विकतात तो सॉस याच घराण्यातला.

या मेजवान्यांना गोरे पुढारी यायचे, भाषणं करायचे, मतं मागायचे. मटणाच्या पंगती घालून निवडणूक लढवणं हा काही आपलाच शोध नाही! शिजवणारा मात्र पंगतीत नसायचा.

गुलामगिरी १८६५ मध्ये संपली. काही कृष्णवर्णीय आचाऱ्यांनी स्वतःचे धंदे सुरू केले. हेन्री पेरी हा टेनेसीचा माणूस, त्याने कॅन्सस सिटीत १९०८ च्या सुमारास भाजलेलं मांस वर्तमानपत्रात गुंडाळून विकायला सुरुवात केली, आणि आज त्या शहराची सगळी बार्बेक्यू परंपरा त्याच्यापासून मोजतात. पण हमरस्त्यांवर जी मोठी हॉटेलं उभी राहिली त्यांतली बरीचशी गोऱ्या मालकांची. पदार्थ काळ्यांच्या हातचा, गल्ला गोऱ्यांचा आणि टेबलही गोऱ्यांचंच.

इथे कायदा येतो. तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

खानावळी आणि गाड्यांमध्ये वर्णभेद करू नये असा कायदा अमेरिकेने १८७५ मध्येच केला होता. १८८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. कारण काय, तर राज्यघटनेतली समानता सरकारवर बंधनकारक आहे, खासगी मालकावर नाही. पुढची ८१ वर्षं असा देशव्यापी कायदा नव्हता, आणि दक्षिणेत "आम्ही कोणाला वाढायचं ते आम्ही ठरवू" ही पाटी चालली.

२ जुलै १९६४ ला नागरी हक्क कायदा आला. त्याला आव्हान देणाऱ्यांत अलाबामातल्या बर्मिंगहॅमचं 'ऑलीज बार्बेक्यू' होतं. २२० माणसं बसतील एवढं, घरच्यांनी चालवलेलं हॉटेल. ३६ नोकर, त्यातले दोन तृतीयांश कृष्णवर्णीय. आणि नियम असा, की कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला पार्सल मिळेल, आत बसून खाता येणार नाही. हॉटेल सुरू झालं त्या १९२७ पासून हीच रीत. (१९२७! त्याच वर्षी इकडे महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायला हजारो माणसं चालत गेली होती.)

मालकाचं म्हणणं, आमचा धंदा स्थानिक, दिल्लीचा... म्हणजे वॉशिंग्टनचा काय संबंध? १८८३ चा निकाल डोक्यावर असल्यामुळे सरकारला "हे माणुसकीला धरून नाही" एवढं म्हणून भागणार नव्हतं. संसदेने वेगळा रस्ता धरला होता : राज्याराज्यांतल्या व्यापाराचं नियमन करायचा तिचा अधिकार. मग हिशोब निघाला मटणाचा. ऑलीजने वर्षभरात सुमारे दीड लाख डॉलरचं सामान घेतलं होतं. त्यातलं ६९,६८३ डॉलरचं, म्हणजे ४६ टक्के, मांस होतं, आणि ते पुरवणाऱ्याने राज्याबाहेरून आणलेलं होतं. म्हणजे धंदा आंतरराज्य, म्हणजे कायदा लागू. १४ डिसेंबर १९६४ ला सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला.

विचार करा. माणसाला टेबलावर बसायचा हक्क मिळाला तो मटण कुठून आलं याच्या पावतीवरून.

दुसरा खटला साउथ कॅरोलिनाचा. मॉरिस बेसिंजर यांच्या 'पिगी पार्क' कंपनीची पाच ड्राइव्ह-इन आणि एक सँडविचचं दुकान. मोहरीच्या पिवळ्या सॉसमधलं पोर्क ही खासियत. कृष्णवर्णीयांना तिथे सेवा नाकारली जायची. ॲन न्यूमन आणि इतर दोघांनी दावा लावला. बेसिंजर यांचा एक बचाव असा, की हा कायदा देवाच्या इच्छेविरुद्ध आहे आणि माझ्या धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे. आणखी एक मुद्दा जास्त हुशारीचा होता. कायदा "जागेवर खाण्यासाठी" अन्न विकणाऱ्यांना लागू आहे, आमच्याकडचे बरेच लोक तर गाडीतून घेऊन जातात! खालच्या कोर्टाने ड्राइव्ह-इनपुरता हा मुद्दा मान्यही केला. वरच्या कोर्टाने तो उलटवला. पुढे १८ मार्च १९६८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की असा दावा जिंकणाऱ्याला वकिलाची फी एरवी मिळालीच पाहिजे, कारण तो फक्त स्वतःसाठी लढत नाही, सगळ्यांसाठी लढतो. आजही अमेरिकेतले नागरी हक्कांचे वकील फी मागताना याच निकालाचा आधार घेतात. पोर्क विकणाऱ्या ड्राइव्ह-इनवरून निघालेला निकाल!

बेसिंजर बदलले नाहीत. २००० मध्ये राज्याच्या विधानभवनाच्या घुमटावरून गुलामगिरीवाल्या बाजूचा झेंडा उतरवला, तेव्हा त्यांनी तो आपल्या हॉटेलांवर चढवला. मोठमोठ्या सुपरमार्केटांनी त्यांचा सॉस विकणं बंद केलं. २०१८ मध्ये त्याच राज्यातल्या हेमिंग्वे गावच्या रॉडनी स्कॉट या कृष्णवर्णीय आचाऱ्याला, निखाऱ्यांवर अख्खं डुक्कर भाजणाऱ्या माणसाला, जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. हा तिकडचा मोठा मान.

आता आपल्याकडे या. आपल्या घटनेचं कलम १५ (२) उघडून बघा. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही, असं तिथे सरळ लिहिलंय. खासगी मालकालाही. २६ जानेवारी १९५० पासून, म्हणजे अमेरिकेच्या साडेचौदा वर्षं आधी. मटणाच्या पावत्या काढायची गरज नाही. बाबासाहेबांचं लक्ष तिकडच्या लढ्याकडेही होतं. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती.

कागदावर आपण पुढे होतो. आणि तरी चहाच्या टपरीवर वेगळा कप, पाणी वरून ओतणं, हे ज्यांनी सोसलंय ते आजही आपल्यात आहेत. आता तर भाड्याने घर देताना "नॉनव्हेज चालणार नाही" म्हणतात, आणि त्या वाक्यात मटणाबद्दल किती आणि माणसाबद्दल किती, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. त्यातही डुकराचं म्हटलं की नाक जरा जास्तच मुरडतं. हे मटण आपल्याकडे कोणत्या वस्त्यांमध्ये शिजत आलंय, ते सगळ्यांना माहीत आहे. तेच "पुल्ड पोर्क" नावाने कॅफेच्या बनमध्ये आलं की फोटो काढून खाल्लं जातं.

म्हणून "तुम्ही खाता?" या प्रश्नाचं माझं उत्तर : हो, खाते, आणि घरी बोलावून वाढतेही. खायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, त्यावर वाद नाही. पण एखादा काय खातो यावरून त्याला कुठे बसवायचं, हे ठरवायचा हक्क कोणाला नाही. तिकडे तो हक्क काढून घ्यायला दोन खटले लागले. इकडे तो ७५ वर्षांपूर्वीच काढून घेतलाय, फक्त तसं वागायचं बाकी आहे.

तुमच्या गावात वेगळा कप कधीपर्यंत होता, तो कोणी आणि कसा बंद पाडला, हे घरातल्या मोठ्यांना विचारून लिहा. तिकडे म्हाताऱ्यांच्या आठवणी सरकारने लिहून घेतल्या म्हणून वेस्ली जोन्स आज आपल्याला माहीत आहेत. आपल्याकडचं आपणच लिहून ठेवायला पाहिजे.