चाळीसगांवचा एकांतवासी कलावंत

भडक रंग व बेभान कुंचला यांनीं मनांतील वादळ प्रकट करावें, हा युरोपांतील अभिव्यक्तिवादी चित्रकारांचा मार्ग. जळगांव जिल्ह्यांतील चाळीसगांवीं केकी मूस (१९१२–१९८९) यांनीं भावनेचा तोच शोध कॅमेऱ्यानें घेतला. इंग्लंडांत कलाशिक्षण घेऊन परतलेले हे पारशी कलावंत पुढें अनेक दशकें घराबाहेर क्वचितच पडले. निसर्गाकडे जाण्याऐवजीं त्यांनीं तो मेजावर मांडला. साध्या वस्तु रचून त्यांवर प्रकाश असा पाडावयाचा, कीं छायाचित्रांत विस्तीर्ण देखावा भासावा; हेंच त्यांचें प्रसिद्ध ‘टेबल-टॉप’ छायाचित्रण. कुंचल्याचें काम तेथें छायेनें केलें, रंगाचें उजेडानें. माणसांचा सहवास दुरावला, ही त्या एकांताची किंमत. परंतु नित्याच्या क्षुद्र वस्तूंतील सौंदर्य त्यांना त्याच एकांतांत गवसलें.