लक्ष्मण, शंकर

लक्ष्मण, शंकर : (७ जुलै १९३३ – २९ एप्रिल २००६). भारतीय हॉकी संघाचे गोलरक्षक व कर्णधार. मराठा लाइट इन्फंट्रीतील लष्करी अधिकारी. जन्म इंदूरजवळच्या महू या छावणीच्या गावी, शेखावत घराण्यात. मराठी वाचक महूला ओळखतो तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान म्हणून. हॉकीवाल्यांच्या लेखी ते १९४८ च्या सुवर्णविजेत्या संघाचे कर्णधार किशनलाल यांचेही गाव.

१९४७ मध्ये शंकर सैन्यात भरती झाले ते बँडवादक म्हणून. बेळगाव हे केंद्र असलेल्या मराठा पलटणीत माळव्यातला हा तरुण रमला आणि १९७९ मध्ये कॅप्टन म्हणून निवृत्त झाला. या बढतीमागे हॉकी होती, हे सांगायला नकोच. त्यांचा पहिला खेळ मात्र फुटबॉल. पायाची ती सवय पुढे गोलात कामी आली, कारण त्या काळी गोलरक्षकाचे निम्मे काम पायांनीच होई. पायाला पॅड, हाताला मोजे. शिरस्त्राण नाही की तोंडावर जाळी नाही. पेनल्टी कॉर्नरला गोलरेषेवरून आलेला चेंडू आक्रमक हाताने अडवत आणि दुसरा खेळाडू तो पूर्ण ताकदीने हाणी. सुमारे १६० ग्रॅमचा तो टणक चेंडू अंगावर घ्यायचा किंवा लाथेने बाहेर काढायचा, एवढेच गोलरक्षकाच्या हाती असे.

लक्ष्मण सलग तीन ऑलिंपिक अंतिम सामने खेळले, तिन्ही पाकिस्तानविरुद्ध आणि तिन्ही १–० असे सुटलेले. मेलबर्नला (१९५६) रणधीरसिंग जेंटल यांच्या गोलावर भारत जिंकला. त्या स्पर्धेत भारताने ३८ गोल केले, एकही खाल्ला नाही. रोमला (१९६०) नसीर बुंदा यांनी गोल केला आणि १९२८ पासून भारताकडे असलेले सुवर्णपदक प्रथमच गेले. या संघाचे कर्णधार लेस्ली क्लॉडियस हे बिलासपूरचे. तेही मूळचे फुटबॉलचे. खरगपूरला बंगाल–नागपूर रेल्वेत असताना डिकी कार यांनी त्यांच्या हातात हॉकीची काठी दिली. रोमच्या पराभवाचे खापर गोलरक्षकावर फोडणे सोपे आहे, पण त्या दिवशी भारताच्या आघाडीलाही गोल करता आला नव्हता.

टोकियोला (१९६४) मात्र लक्ष्मण यांचा खेळ कळसाला पोहोचला. उत्तरार्धात पृथीपालसिंग यांचा पेनल्टी कॉर्नरवरील फटका गोलरेषेवर मुनीर दार यांच्या पायाला लागला. जुन्या पेनल्टी बुलीच्या जागी नुकताच आलेला पेनल्टी स्ट्रोक भारताला मिळाला आणि मोहिंदरलाल यांनी तो सत्कारणी लावला. त्यानंतर पाकिस्तानने चढाईवर चढाई केली, कॉर्नरमागून कॉर्नर मिळवले. लक्ष्मण यांनी एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. गोल मोहिंदरलाल यांचा, पण सामना राखला तो लक्ष्मण यांनी, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. तीन अंतिम सामन्यांत मिळून त्यांनी खाल्लेला गोल एकच, रोमचा.

आशियाई स्पर्धांत १९५८ व १९६२ मध्ये भारताला रौप्यावर समाधान मानावे लागले. १९६६ मध्ये बँकॉकला लक्ष्मण यांच्या नेतृत्वाखाली भारताने पाकिस्तानला हरवून या स्पर्धेतील हॉकीचे पहिले सुवर्ण मिळवले. भारतीय संघाचे नेतृत्व करणारे ते पहिले गोलरक्षक. कर्णधार म्हणजे आघाडीचा किंवा मधल्या फळीचा खेळाडू, हा समज त्यामुळे मोडला. त्यांना अर्जुन पुरस्कार (१९६४) व पद्मश्री (१९६७) मिळाली.

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी निवड समितीने त्यांना वगळले. तेथे पृथीपालसिंग व गुरुबक्षसिंग अशा दोन संयुक्त कर्णधारांसह गेलेला भारतीय संघ प्रथमच अंतिम फेरीबाहेर राहिला आणि त्याला कांस्यपदक मिळाले. लक्ष्मण यांनी त्यानंतर हॉकी सोडली. पलटणीतील नोकरी चालू राहिली.

निवृत्तीनंतर ते महूलाच राहिले. अखेरच्या दिवसांत त्यांच्या पायाला गँगरीन झाले. डॉक्टरांनी पाय कापण्याचा सल्ला दिला होता. त्यांनी निसर्गोपचाराची वाट धरली. महू येथेच त्यांचे निधन झाले. पुढे हॉकी इंडियाने त्यांना मेजर ध्यानचंद यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार मरणोत्तर दिला.