'फार्मर' मुळात कोण?

'फार्म' हा इंग्रजी शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे नांगर, बैल आणि उभे पीक येते. परंतु या शब्दाच्या कुळात मातीचा पत्ताच नाही. लॅटिन भाषेत 'फिर्मारे' म्हणजे पक्के करणे. त्यावरून मध्ययुगात 'फिर्मा' म्हणजे ठरीव देणे, असा अर्थ रूढ झाला. तोच फ्रेंचमार्गे इंग्लंडात पोहोचला. बाजारपेठेतली 'फर्म' ही त्याचीच भाऊबंद! 1086 च्या डूम्सडे बुकात काही राजकीय गावांवर 'एका रात्रीची फिर्मा' बसविलेली आढळते. राजा व त्याचा लवाजमा यांच्या एका मुक्कामाचा शिधा, असा तिचा मूळ अर्थ.

तेव्हा ठरीव रक्कम भरून कर वसूल करण्याचा हक्क घेणारा, किंवा जमीन खंडाने धरणारा, तो 'फार्मर'. नांगर धरणाऱ्याला इंग्रजीत 'हजबंडमन' म्हणत. सोळाव्या शतकाच्या सुमारास खंडाच्या जमिनीलाच 'फार्म' म्हणू लागले आणि हळूहळू तो शब्द कसणाऱ्याकडे आला.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. वॉरन हेस्टिंग्जने 1772 मध्ये बंगालचा महसूल पाच वर्षांसाठी 'फार्म' केला, असे आपण वाचतो. त्याचा अर्थ शेती नव्हे, तर लिलाव. 1770 च्या दुष्काळाने प्रांत उजाड झालेला. त्यावर चढाओढीने बोल्या लागल्या, जमिनीला न पेलणारे आकडे ठरले आणि बाक्या तुंबल्या. आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावाने मामलती अशाच मक्त्याने दिल्या. एल्फिन्स्टनने 1819 च्या अहवालात त्या पद्धतीवर ठपका ठेवला आहे. मक्तेदाराची मुदत थोडी, देणे मात्र पक्के! मग रयतेच्या विहिरीची, बांधाची फिकीर त्याने कशाला करावी?

म्हणूनच जुन्या इंग्रजी कागदांत 'फार्मर' दिसताच आपण 'शेतकरी' असे भाषांतर करू लागलो, तर पिळणारा आणि पिळला जाणारा यांची अदलाबदल होईल. तेथे आपला 'इजारदार' किंवा 'मक्तेदार' हाच शब्द खरा. मराठीने ही दोन माणसे कधी एका नावाखाली घातली नाहीत. इतिहास वाचताना आपणही ती वेगळीच ठेवली पाहिजेत.