संक्षेप, संहिता आणि वाचक : ‘फीड’च्या इतिहासातील एक प्रश्न

वाचकाला अर्थनिर्णयनाचे स्वातंत्र्य कितपत आहे, हा प्रश्न रोलाँ बार्थ यांच्या ‘लेखकाचा मृत्यू’ या १९६७ मधील निबंधापासून साहित्यसिद्धान्तात सातत्याने चर्चिला गेला आहे. वाचकापुढे कोणती संहिता, केव्हा आणि कोणत्या क्रमाने येते व तो क्रम कोण ठरवितो, हा त्याच्या आधीचा प्रश्न मात्र बहुधा प्रकाशनव्यवहाराच्या इतिहासाकडे सोपविला जातो. महाजालावरील वाचनाचा विचार करताना ही विभागणी टिकत नाही. ‘आर. एस. एस.’ या संक्षेपाने ओळखल्या जाणाऱ्या फीडचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक ठरतो.

मार्च १९९९ मध्ये नेटस्केप या कंपनीत डॅन लिबी आणि रामनाथन गुहा यांनी या मांडणीची ०.९० क्रमांकाची पहिली आवृत्ती सिद्ध केली. इतर संकेतस्थळांवरील नव्या मजकुराची शीर्षके ‘माय नेटस्केप’ या पृष्ठावर एकत्र दाखविणे, हा तिचा तात्कालिक हेतू होता. तिचे नाव ‘आर. डी. एफ. साइट समरी’ असे होते. आर. डी. एफ. ही महाजालावरील सामग्रीचे यंत्राला कळेल असे वर्णन करण्याची पद्धती असल्याने या नावात भर वर्णनावर होता. त्याच वर्षी जुलैमध्ये लिबी यांनी ०.९१ या आवृत्तीतून आर. डी. एफ. वगळले, डेव्ह वायनर यांच्या स्वतंत्र मांडणीतील काही घटक स्वीकारले आणि नाव ‘रिच साइट समरी’ असे बदलले. आता सारांश प्रधान झाला. डिसेंबर २००० मध्ये वाट दुभंगली. त्या वेळी अवघ्या चौदा वर्षांचा असलेला आरन स्वार्ट्झ ज्यात होता, त्या गटाने १.० या आवृत्तीत पुन्हा आर. डी. एफ.चा आश्रय घेतला; वायनर यांनी ०.९२ द्वारे सुलभतेचा मार्ग धरला आणि सप्टेंबर २००२ मध्ये २.० ही आवृत्ती ‘रिअली सिंपल सिंडिकेशन’ या नावाने प्रसिद्ध केली. वर्णन आणि सारांश मागे पडून वितरण ही संकल्पना पुढे आली. आद्याक्षरे तीच राहिली. त्यांत सामावलेली संहितेची कल्पना मात्र तीनदा बदलली.

‘सिंडिकेशन’ हा शब्द वृत्तपत्रव्यवसायातून आलेला आहे. एकच सदर अनेक वृत्तपत्रांना पुरविण्याचा तो व्यवहार प्रकाशक आणि प्रकाशक यांच्यामधला असे. फीडच्या बाबतीत हा शब्द उरला, पण व्यवहाराचे दुसरे टोक सामान्य वाचकाच्या हाती आले. २००२ मधील ‘नेटन्यूजवायर’, २००३ मधील ‘ब्लॉगलाइन्स’ यांसारख्या फीड रीडरांनी हे स्थित्यंतर घडविले. संकेतस्थळ आपल्या नव्या मजकुराची शीर्षके, दुवे व सारांश एका फाइलमध्ये नोंदविते. रीडर ती फाइल ठराविक काळाने तपासतो आणि न वाचलेले तेवढे वाचकापुढे ठेवतो. क्रम सामान्यतः प्रसिद्धीच्या वेळेचा असतो. नियतकालिकाच्या कचेरीत वर्गणीदाराचे नाव आणि पत्ता असतो. येथे वर्गणीदारांची यादी प्रकाशकाकडे नसते, उलट प्रकाशकांची यादी वाचकाकडे असते. ओ. पी. एम. एल. या मांडणीत ती एका रीडरमधून दुसऱ्यात नेताही येते.

या सोयीची किंमतही आहे. जेरार झनेत यांनी १९८७ मधील आपल्या ग्रंथात शीर्षक, प्रस्तावना, मुखपृष्ठ इत्यादींना संहितेचे उंबरठे मानले आहे. फीडमध्ये शीर्षक टिकते. पृष्ठाची मांडणी, शेजारचा मजकूर व जाहिरात हे उंबरठे गळून पडतात. वृत्तसंस्थेची बातमी आणि एखाद्याची रोजनिशी एकाच वेशात समोर येतात. अनेक प्रकाशक फीडमध्ये पूर्ण लेख न देता केवळ त्रोटक सारांश देतात, यामागे वाचकाने जाहिरातींसह मूळ पृष्ठावर यावे ही अपेक्षा असते. वाचकाचे स्वातंत्र्य आणि प्रकाशनाचे अर्थकारण यांतील हा ताण मांडणीच्या स्वरूपातच होता.

तथापि फीडवाचनाला मोठा धक्का बसला तो अन्य कारणाने. ऑक्टोबर २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘गूगल रीडर’ने हे वाचन विनामूल्य आणि सुकर केले, परिणामी असंख्य वाचकांच्या याद्या एकाच कंपनीच्या संगणकांवर गोळा झाल्या. सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने ‘न्यूज फीड’ आणले आणि ‘फीड’ या शब्दाचाच अर्थ पालटू लागला. वाचकाने निवडलेल्या स्रोतांच्या कालक्रमाऐवजी कंपनीच्या गणिताने ठरविलेला क्रम, असा अर्थ पुढे रूढ झाला. मार्च २०१३ मध्ये गूगलने वापर घटल्याचे कारण देऊन रीडर बंद करण्याचे जाहीर केले आणि १ जुलै २०१३ रोजी तो बंद झाला. याद्या बाहेर नेण्याची सोय होती. अनेकांनी त्या ‘फीडली’सारख्या रीडरांकडे नेल्या. पण यादी आपली आहे आणि ती हलविता येते, याची जाणीव ज्यांना नव्हती त्यांच्यापुरती वाचनाची ती रीतच संपली.

मांडणी मात्र नष्ट झाली नाही. ०.९२ या आवृत्तीत ध्वनिफिती जोडण्यासाठी आलेल्या एका घटकावर पॉडकास्टचे वितरण आजही मोठ्या प्रमाणात उभे आहे, आणि ‘नेटन्यूजवायर’ २०१९ पासून मुक्त स्वरूपात पुन्हा उपलब्ध आहे. म्हणजे वाचकाचा क्रम ठरविण्याचा अधिकार कोणी औपचारिकपणे काढून घेतलेला नाही. सोयीच्या बदल्यात तो सोपविला गेला आहे. वाचककेंद्री समीक्षेने याची दखल घेणे अगत्याचे आहे. संहितेतील रिक्त जागा भरणारा वाचक ती गृहीत धरते; परंतु ती संहिता त्याच्यापर्यंत कोणाच्या निवडीने पोहोचली, हे तपासल्याखेरीज त्या वाचकाच्या कर्तेपणाविषयीचे विधान अपुरे राहते.