चराईज्ञान, धनगर मेंढपाळांचे

दख्खनच्या पर्जन्यछायेतील धनगरांनी कळपामागे चालत पिढ्यान्‌पिढ्या जमवलेले गवत, पाणी, जनावर व ऋतू यांविषयीचे व्यावहारिक ज्ञान. माण, खटाव, आटपाडी या पट्ट्यात वर्षाचा पाऊस जेमतेम 500 मिमीच्या आसपास. तेवढ्यावर मोठा कळप एका जागी बारमाही पोसत नाही. म्हणून पावसाळा आपल्या मुलखात काढून दिवाळीच्या सुमारास वाडे, म्हणजे एकत्र फिरणारी काही कुटुंबे आणि त्यांचे कळप, बाहेर पडतात. बरेच वाडे घाट उतरून कोकणात जातात. भातकापणीनंतर तिथली खाचरे मोकळी असतात. मृगाच्या आत परतणे भाग असते, कारण दख्खनी मेंढीला कोकणचा पाऊस सोसत नाही. तिचे खूर सडतात.

या ज्ञानाचा गाभा काय चारावे यापेक्षा कधी चारू नये यात आहे. सकाळचे दव ओसरेपर्यंत मेंढरे सोडत नाहीत. जंतांच्या अळ्या ओल्या पात्यांवर चढलेल्या असतात. पाणथळीच्या कडेचे हिरवे गवत टाळतात, कारण तिथल्या गोगलगायींमार्फत यकृतकृमीचा प्रसार होतो. पहिल्या पावसानंतरच्या लुसलुशीत गवतावर अधाशासारखे चरलेले जनावर आंत्रविषाराने काही तासांत दगावू शकते; म्हणून पावसाळ्याआधी लस टोचावी लागते. कापलेल्या ज्वारीचे फुटवे, विशेषतः पाण्याचा ताण बसलेले, विषारी असतात. किरळ लागली, म्हणजे या फुटव्यांची विषबाधा झाली, की उपचाराला फारसा अवधी मिळत नाही, त्यामुळे वावरात कळप घालण्याआधी माणूस स्वतः फिरून येतो. कुसळी गवत कोवळे असताना उत्तम चारा. बी धरल्यावर त्याची कुसळे लोकरीतून कातडीत शिरतात.

शिक्षण लहानपणी सुरू होते. पोराकडे आधी तळाजवळची कोकरे, मग मोठ्यांबरोबर कळप. मेंढरू कान, रंग आणि चालीवरून ओळखायला शिकणे हा त्याचा पहिला मोठा टप्पा; चाल मंदावलेली दिसली की आजाराची चाहूल लागते. तळ हलवणे, घोड्यांवर बिऱ्हाड लादणे, कोकरांची निगा हे बव्हंशी बायकांचे काम, आणि आजारी कोकरू जगवण्याची जाण त्यांच्याकडेच अधिक असते. चराईवरील लेखनात त्यांचा उल्लेख क्वचित येतो, ही मोठी उणीव आहे.

शेतकऱ्याशी देवाणघेवाण हाही या विद्येचा भाग. रात्री वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावून मेंढरे शेतात बसवली की लेंड्या आणि मूत जागच्या जागी पडून शेताला खत मिळते. मोबदला धान्याने किंवा पैशाने मिळतो. वाटा, पाणवठे, ओळखीचे शेतकरी यांची माहिती वाड्यावाड्यांत तोंडी फिरते. जत्रा हे या माहितीच्या देवाणघेवाणीचे मोठे ठिकाण; पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव जत्रेतील भाकणुकीत, म्हणजे भविष्यकथनात, पाऊसपाण्याचा अंदाजही सांगितला जातो. धनगरांच्या ओव्या आणि दैवतपरंपरा यांचा जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर यांनी सखोल अभ्यास केला.

मेंढरांमुळे माळ उजाड होतो हा सरसकट आरोप अन्यायाचा आहे. चालता कळप एका माळावर फार काळ थांबत नाही आणि गवताला पुन्हा फुटायला उसंत मिळते. वाटा अडवून कळप थोड्या जागेत कोंडले, की खरे नुकसान होते. पाटपाण्यामुळे वाटेवरची वावरे आता उसाखाली गेली आहेत, रोपवनांना कुंपणे पडली आहेत, जुने मुक्काम तुटले आहेत. कुठे पाऊस झाला, कुठले रान मोकळे आहे, कुठे रोग पसरला, हे वाडे आता मोबाइलवरून एकमेकांना कळवतात.