अँजिओप्लास्टी: छाती न उघडता हृदयाचा ब्लॉकेज कसा उघडतात?

‘काकांना दोन स्टेंट टाकले’ हे वाक्य तुम्ही सोसायटीत कधीतरी ऐकलंच असेल. पण टाकतात म्हणजे नेमकं काय करतात?

प्रोसेस कशी असते?

आधी अँजिओग्राफी. मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून बारीक नळी (कॅथेटर) हृदयापर्यंत नेतात आणि डाय सोडतात. एक्स-रे स्क्रीनवर अडथळा दिसतो. नळी घालायची जागाच बधिर करतात, पेशंट सहसा जागा असतो.

मग साधारण ०.३६ मिमी जाडीची तार अडथळ्याच्या पलीकडे नेतात. तिच्यावरून मिटलेला फुगा सरकवून फुगवतात. फुग्यातला दाब साधारण ८ ते १६ ॲटमॉस्फिअर असतो. कारच्या टायरमध्ये तो २ च्या आसपास. ब्लॉकेज बाहेर काढत नाहीत, तो भिंतीला दाबला जातो. वाट पुन्हा मिटू नये म्हणून धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, तिथेच कायमची ठेवतात.

हृदयावर हा प्रयोग पहिल्यांदा १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुन्त्झिग यांनी केला. तेव्हा फक्त फुगा होता, स्टेंट नंतर आले.

हार्ट अटॅकमध्ये घड्याळ महत्त्वाचं

अटॅकमध्ये धमनी अचानक बंद होते आणि हृदयाचा स्नायू मरायला लागतो. हॉस्पिटलमध्ये पोचल्यापासून ९० मिनिटांत धमनी उघडावी, असं उद्दिष्ट असतं. त्यासाठी कॅथलॅब लागते आणि ती प्रत्येक हॉस्पिटलमध्ये नसते. कल्याण-डोंबिवलीहून ठाण्याला निघून शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात, तर तो वेळ रस्त्यातच जातो. म्हणून २४ तास चालणारी जवळची कॅथलॅब कुठे आहे हे आजच फोन करून विचारा आणि नंबर सेव्ह करा. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत बसू नका, लगेच १०८ लावा. कॅथलॅब लांब असेल तर डॉक्टर आधी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊ शकतात.

बिलात काय बघायचं?

फेब्रुवारी २०१७ मध्ये एनपीपीएने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटसाठी ती तेव्हा २९,६०० रुपये होती. ती नंतर बदलत गेली आहे, आजचा आकडा एनपीपीएच्या साइटवर बघा. बिलात स्टेंटची किंमत, ब्रँड, कंपनी आणि बॅच नंबर वेगळा लिहिलेला हवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, पण हॉस्पिटल योजनेत आहे का ते आधी विचारा.

नंतर काय?

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. तीनही धमन्यांत ब्लॉकेज असतील, विशेषतः डायबिटीस असेल, तर बायपास जास्त योग्य ठरू शकते. आणि सिगारेट, बीपी, शुगर तशीच राहिली तर नवा ब्लॉकेज दुसरीकडे होतोच. स्टेंट एक जागा उघडतो, आजार बरा करत नाही.